हात न लावायची पट्टी

माझ्या सासूबाई निवांत बसल्या आहेत, असं मी या घरात आल्यापासून फार कमी वेळा पाहिलंय. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तर आमच्या आत्या, वच्छलाबाई, जेवायलासुद्धा उकिडव्या बसतात, म्हणजे उठायला उशीर नको. टीव्हीवरची मालिका दारात उभ्या राहून बघतात आणि बघता बघता चौकटीतली धूळ नखाने कोरून काढतात. पाहुणा आला तर बोलता बोलता त्याच्या शर्टाचा लोंबता दोरा तोडून टाकतात. एकदा माझ्या नवऱ्याच्या, गोकुळच्या, साहेबांच्या शर्टाचा तोडला. साहेबांचं बटण चहाच्या कपात पडलं आणि आत्या म्हणाल्या, "कच्ची शिलाई हाय, साहेब. माझा दोष नाय."

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर लोखंडी सुटे भाग हातात घ्यायचे, बरे एकीकडे, वाईट दुसरीकडे. घरी आले की मला फक्त आडवं व्हायचं असतं. आणि घरात या बाई कधी माळ्यावरचे डबे खाली काढतायत, कधी झाडलेलं अंगण पुन्हा झाडतायत. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण बोलणार कुणाला? बोललं तर त्या म्हणणार, "तू पड की. तुला कोण उठ म्हनलं?"

त्यांच्या अंगात ही चळवळ कुठून आली ते मला माहीत आहे. त्यांचा अर्धा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, पाऊसकाळाला परत यायचं, मधले सगळे महिने आज या शिवारात तर उद्या त्या. मुक्काम पडला तरी रात्रीतून कधी उठावं लागेल याचा नेम नाही. पुढे सासरे, मुंजाबा, थकले, तेव्हा मेंढरं विकून त्यांनी शेंद्र्याजवळ हे शेत घेतलं. नंतर औद्योगिक वसाहत आली आणि त्यातला बराच तुकडा तिकडे गेला. उरला तो एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कंपनीची लांबलचक भिंत यांच्या मध्ये सापडलेला. सासरे गेल्यावर गोकुळही नोकरीला लागला. शेत सांभाळतात त्या आत्याच.

"मी एका जागी पहिल्यांदा झोपले ती या रानात," असं त्या सांगतात. "सकाळी उठले तर कालचंच झाड समोर. लई बरं वाटलं बघ."

खरं सांगायचं तर मला ते शेत गेलं असतं तरी चाललं असतं. माझं माहेर हर्सूलचं, तलावाच्या अंगाचं. तिकडे एखादा दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा, गोकुळने कंपनीच्या बसने यावं-जावं, मीही जावं, आणि रविवारी कुणी मला शेतात ये म्हणू नये, एवढीच माझी इच्छा होती. मातीचा मला उबग आहे. नखात गेली की दोन दिवस निघत नाही.

शेतावर पुंडलिकरावांचा डोळा होता. त्यांच्या मालवाहतुकीच्या गाड्या आहेत आणि गाड्या उभ्या करायला त्यांना रस्त्याकडेची जागा हवी होती. गोकुळ इतके दिवस त्यांना टोलवत होता. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या रानात गोगलगायी आल्या आणि सगळं फिरलं.

गोगलगाय म्हटलं की आपल्याला गरीब प्राणी आठवतो. आमच्या रानात येऊन बघा म्हणावं. सोयाबीनला दोन पानं फुटली की संध्याकाळी त्या शेकड्यांनी निघायच्या आणि सकाळी ओळीच्या ओळी बोडक्या. पहिल्या वर्षी अर्धं पीक गेलं, दुसऱ्या वर्षी दोन्ही पेरण्या गेल्या. आत्यांनी शहागंजच्या बाजारातून चुना आणला, तंबाखूचं पाणी मारलं, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचल्या. काही दिवस कमी व्हायच्या, पुन्हा तेवढ्याच.

यंदा उन्हाळ्यात गोकुळने सरळ सांगितलं, "आई, औंदा पीक उभं राहिलं तर ठीक. नायतर मी पुंडलिकरावांना व्हय म्हणणार. किती दिवस किड्यांना पोसायचं?"

 आत्यांनी समोरच्या ताटातल्या तांदळातले खडे निवडायला घेतले. ते तांदूळ मी सकाळीच निवडले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या पट्टीच्या मागे लागल्या.

ही पट्टी कुठली ते सांगते. कंपनीच्या भिंतीला लागून, नाल्याच्या कडेने, आमच्या शेताचा एक निमुळता तुकडा आहे. तिथे औत वळत नाही आणि ट्रॅक्टर तर नाहीच नाही. म्हणून सासऱ्यांनी तो सोडून दिला होता. दहा-बारा वर्षं तिथे कुणी हात लावला नव्हता. बोरी, हिवर, तरवड, टणटणी आणि मध्ये कमरेएवढं कुसळी गवत. मी कधी आत गेले नाही. साडीची चाळणी कोण करून घेणार!

आत्यांचं डोकं असं चाललं. जन्म गेला शेळ्या-मेंढरांत. शेळीची जात त्यांना पाठ. शेळीला हिरवं गवत घाला, ती वास घेऊन पुढे जाईल आणि पाय वर करून बोरीला तोंड लावेल. हिवराचा पाला दिसला की तिला दावं आवरत नाही. म्हणजे खाणाऱ्या जिवाला काटेरी झुडपंच गोड, आणि त्या झुडपांची एवढी दाटी शेताला लागून असताना गोगलगायी आणखी कुठे वाढणार? त्यात बोरीच्या बुडाशी पाला उकरला तर खाली गोगलगायींचे शंख सापडले, मोकळे आणि भरलेलेही. झालं. चोर सापडला.

वैशाखाच्या उन्हात त्यांनी एकटीने ती पट्टी तोडली. कोयता, कुऱ्हाड, आणि हाताला बांधलेलं जुनं धडपं. मी म्हटलं, माणूस लावा. म्हणाल्या, "माणूस कशाला? मी काय मेले का?" रोज संध्याकाळी त्या अंगभर ओरखडे घेऊन घरी यायच्या आणि मी बडबड करत हळद लावायची. शेवटी सगळा काटा पेटवून दिला. पट्टी अंगणासारखी लख्ख झाली. शेजारची साळूबाई मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "वच्छलाबाई, असं लख्ख अंगण तर नव्या नवरीच्या घरचंबी नसतं." आत्या इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी माझ्या हातचा चहा त्यांनी नाव न ठेवता प्यायला.

पाऊस झाला, सोयाबीन पेरलं, आणि त्या मोकळ्या पट्टीत काय तरारून आलं म्हणता! केना, माठ, घोळ, पाथरी, सगळं पावसाळी तण. लुसलुशीत, बोटाने दाबलं तर पाणी निघेल असं. एवढी वर्षं ते बी मातीत कुठे दडून बसलं होतं कुणास ठाऊक. आत्या रोज खुरपं घेऊन जायच्या आणि ठाण मांडून ते उपटायच्या. आज उपटलेलं परवा पुन्हा हजर. गोगलगायी कमी झाल्याच नाहीत, उलट वाढल्या. आणि ज्या दिवशी आत्यांनी पट्टीचा भला मोठा भाग उपटून स्वच्छ केला, त्याच्या दुसऱ्या सकाळी पट्टीकडच्या बाजूचं सोयाबीन जमिनीपासून गायब झालं होतं. आठवडाभरात उरलेलंही गेलं.

मी कामाला निघाले होते. आत्या बांधावर उभ्या होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा पिळत होत्या. मला म्हणाल्या, "जा तू. तुझी गाडी जाईल." मी गेले. कारखान्यात दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. दोन वाईट भाग बऱ्यात टाकले आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

त्याच आठवड्यात सुकेशनी परत आली. ही मुलगी विद्यापीठात संशोधन करते. पडीक जमिनीत वर्षागणिक कुठली झाडं येतात आणि किडे, गोगलगायी त्यातलं काय खातात, हा तिचा विषय. थंडीच्या दिवसांत ती आमच्या पट्टीतली झाडं मोजायला यायची आणि आत्या तिला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. उन्हाळ्यात तिचे वडील आजारी म्हणून ती हिंगोलीकडे गावी गेली होती. पट्टी तुटली तेव्हा ती इथे नव्हती.

ती आली ती नेहमीसारखी पाठीवर पिशवी टाकून थेट रानात गेली आणि तशीच परत आली.

"मावशी, पट्टी कुठंय?"

"साफ केली. लई गोगलगायी झाल्या व्हत्या तिच्यात."

सुकेशनी ओसरीच्या पायरीवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं, पण ती रागावली नाही. मी तिच्या जागी असते तर भांडी आपटली असती. ती म्हणाली, "गोगलगायी तिथं झोपायला होत्या, मावशी. उन्हात सावली लागते त्यांना. जेवायला तिथं नव्हत्या."

"शेळी बी बोरीला खाती की."

"शेळीचं वेगळं. हिचं वेगळं. मी दाखवते तुम्हाला."

तिने आमच्या ओसरीवर प्लास्टिकचे डबे मांडले. झाकणांना भोकं, तळाला ओला कागद, प्रत्येकात एक गोगलगाय आणि दोन पानं. एक आमच्या पट्टीतल्या नव्या तणाचं आणि दुसरं नाल्यापलीकडच्या जुन्या माळावरच्या झुडपाचं. आत्यांचा विश्वास नव्हता. त्या संध्याकाळभर डब्यांभोवती घिरट्या घालत होत्या. एकदा तर झाकण उघडून बोरीचं पान गोगलगायीच्या तोंडाजवळ सरकवून आल्या. ते मी पाहिलं.

सकाळी सगळे डबे उघडले. केन्याचं नुसतं देठ राहिलं होतं. माठाच्या पानाची जाळी झाली होती. बोर, हिवर, तरवड तसेच्या तसे. आत्यांनी सरकवलेल्या पानाला एका कडेला एवढासा चावा होता, बाकी पान शाबूत.

"असं कसं?" आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

सुकेशनीने समजावलं ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, जमीन मोकळी झाली की पहिल्या वर्षी जे तण येतं, ते घाईतलं असतं. त्याला चार महिन्यांत वाढायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. त्यामुळे त्याची सगळी ताकद वाढण्यात जाते आणि पान मऊ, गोडसर राहतं. मग हळूहळू गवतं येतात, त्यानंतर झुडपं. त्यांना एका जागी खूप वर्षं काढायची असतात. म्हणून ती पान जपतात, जाड करतात, तुरट करतात. गोगलगायीला ते नको वाटतं. दहा-बारा वर्षं जुन्या पट्टीत तिला खायला फारसं काही नव्हतंच. "ती पट्टी तोडून तुम्ही तिला पहिल्या वर्षावर आणलंत, मावशी. गोगलगायींना ताट वाढून ठेवलं."

"आन् मग सोयाबीन काऊन खाल्लं? तण व्हतं की भरपूर."

सुकेशनीने डब्यांची झाकणं लावायला घेतली. मलाच ते आधी कळलं आणि कळल्यावर मी नुसती आत्यांच्या हातांकडे बघत राहिले.

"तुम्ही रोज उपटत होतात ना," सुकेशनी म्हणाली. "ताट वाढलं आणि काढून घेतलं. मग त्या शेजारच्या ताटावर गेल्या. सोयाबीनचं पान पण मऊच."

आत्या उठून आत गेल्या. आतून भांडी घासायचा आवाज यायला लागला. भांडी घासलेली होती. मला त्यांचा एवढा राग यायचा, पण त्या दिवशी त्या आवाजाने माझा जीव कासावीस झाला. आपल्याच हातांनी, तेही कष्ट करून, आपलं रान खायला घालायचं, हे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

त्या बाहेर आल्या तेव्हा हात ओले होते. "आता काय करायचं ते सांग. माझ्या हाताला फोड येऊस्तोवर करीन."

"काहीच करायचं नाही," सुकेशनी म्हणाली. "पट्टीतलं तण उपटायचं नाही. वाढू द्यायचं. गोगलगायी तिकडं जमतील, तिथल्या तिथं सकाळ-संध्याकाळ वेचायच्या. पण तणाला हात लावायचा नाही. माझ्या डब्यात जे दिसलं त्यावरून सांगते. रानात असंच होईल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

आषाढ संपत आला होता. सोयाबीनची वेळ गेली होती, पण तूर अजून टाकता येत होती. गोकुळने कपाळाला हात लावला. पुंडलिकराव पोळ्यानंतर जागा मोजायला येणार होते, त्यांना तो तसं बोलून बसला होता. "टाक," तो म्हणाला. "पण पोळ्याला रान मोकळं दिसलं तर पुन्हा माझ्याशी भांडायचं नाही." आत्यांनी मान हलवली. तूर टाकली.

आणि मग सुरू झाला आमच्या घरातला खरा छळ.

काम करायला सांगितलं तर आत्या डोंगर फोडतील. पण काम करू नका म्हटल्यावर त्यांना करमेना. तण रोज वाढत होतं. केना बांध ओलांडून रस्त्याकडे निघाला. सकाळी मिठाच्या पाण्याची बादली घेऊन त्या पट्टीत शिरायच्या, पानांखालून गोगलगायी वेचून बादलीत टाकायच्या, आणि प्रत्येक वेळी बोटं केन्याच्या बुडाशी जायची. जायची आणि थांबायची. मी कामावर जाण्याआधी त्यांच्याबरोबर उभी राहायचे, कारण गोकुळने मला सांगून ठेवलं होतं, "तिच्यावर नजर ठेव." म्हणजे ज्या बाईला शेत नको होतं, तिला पहारेकरी नेमलं. वाहवा!

साळूबाई रस्त्यावरून जाताना ओरडायची, "वच्छलाबाई, रान माजलं की! बरं हाय ना घरी?" आत्यांचं तोंड लाल व्हायचं. ज्यांच्या बांधावर काडी दिसायची नाही त्यांना हे ऐकावं लागत होतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "प्रेरणा, मला इथून कुठंतरी ने. माझे हात मला ऐकंनात."

मी त्यांना रविवारी हर्सूलला माझ्या आईकडे घेऊन गेले. सुनेच्या माहेरी मुक्काम, त्यांच्या वयाच्या बाईला हे किती अवघड, पण त्या आल्या. माझ्या आईने अंगणात कुंड्यांमध्ये ऑफिस टाइमची, सकाळी दहाच्या सुमाराला उमलणारी फुलझाडं लावली आहेत. दुपारी मी आणि आई पडलो होतो. उठून बघतो तर सगळ्या कुंड्या मोकळ्या. ऑफिस टाइमचं रोप घोळीसारखं दिसतं, ते आत्यांनी मुळासकट उपटून एका कोपऱ्यात नीट ढीग रचून ठेवलं होतं. "लई घोळ माजली व्हती तुमच्याकडं, ताई," त्या आईला म्हणाल्या. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान. आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. आई बिचारी म्हणाली, "बरं केलंत."

तूर उगवली. दोन पानं, मग तीन. रोज सकाळी आत्या आधी ओळींकडे बघायच्या, मग माझ्याकडे. ओळी शाबूत होत्या. पट्टीतली बादली रोज भरत होती. आठवडा गेला, दुसरा गेला. मलाही सकाळी जाग यायला लागली होती, आणि मी ते कुणाला सांगत नव्हते.

मग श्रावणात एक दिवस झड लागली. दिवसभर भुरभुर आणि अंधारलेलं. माझी सुट्टी होती. सकाळी रानात गेलो तर पट्टीला लागून असलेल्या दोन ओळींतली रोपं खाल्लेली. पुढच्या ओळीतही एक-दोन. आत्यांनी ते पाहिलं. त्यांनी कंबरेचं खुरपं काढलं आणि पट्टीत बसून सपासप तण कापायला सुरुवात केली. केना, माठ, पाथरी, जे हाताला येईल ते.

"आत्या, काय करायलात? सुकेशनीनं नको म्हटलंय."

"गेलं सगळं! बसून राहिले म्हणून गेलं! मी बसायलाच नको व्हतं!"

"आत्या!"

त्या ऐकेनात. पाऊस अंगावर, हात चिखलाने भरलेले, आणि एका दमात त्यांनी खोलीएवढी जागा मोकळी केली. मी तिथे उभी होते. मी काही केलं नसतं तरी कुणी मला दोष दिला नसता. तण गेलं असतं, तूर गेली असती, पुंडलिकराव आले असते आणि मी हर्सूलला गेले असते. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, मी नाही कशाला म्हणू? आणि मला संताप आला. पुंडलिकरावांचा नाही, गोगलगायींचाही नाही. या बाईने दातओठ खाऊन इतके दिवस हात आवरले, गावाचं ऐकून घेतलं, माझ्या आईची फुलं उपटली, आणि आता दोन ओळींसाठी सगळं घालवायला निघाली, याचा. मी चिखलात गुडघ्यावर बसले आणि त्यांचं मनगट धरलं.

"सोडा ते."

"सोड मला, प्रेरणा."

"नाही सोडणार. खुरपं इकडं द्या."

आत्यांच्या हातात माझ्यापेक्षा दुप्पट ताकद आहे. त्यांनी हिसडा दिला असता तर मी नाल्यात पडले असते. पण त्या थांबल्या.  त्या पावसातच रडायला लागल्या, लहान पोरासारख्या, आवाज करून. "मला नाय जमत गं. मला नुसतं बघत राहायला नाय जमत." मी खुरपं काढून घेतलं आणि नाल्यापलीकडे जाईल इतक्या जोरात फेकलं. ते पुढे दोन दिवस सापडलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघींनी पाऊस थांबेपर्यंत गोगलगायी वेचल्या. माझ्या नखांत काय काय गेलं ते मी सांगत बसत नाही. संध्याकाळी सुकेशनी आली. तिने खाल्लेली रोपं पाहिली, न खाल्लेल्या ओळी पाहिल्या आणि म्हणाली की झडीत त्या लांबवर फिरतात, कडेचं थोडं जाणारच. आता फक्त वाट बघायची. उरलेल्या तणाने आणि आमच्या बादल्यांनी बाकीचं सांभाळलं. पुढच्या आठवड्यात एक ओळ आणखी विरळ झाली, पण त्यापुढे नाही. तुरीची खोडं हळूहळू टणक होत गेली. मग गोगलगायींनी तिकडे बघणं सोडलं.

पोळा झाल्यावर पुंडलिकराव टेप आणि एक माणूस घेऊन आले. तूर गुडघ्याच्या वर आली होती. गोकुळ त्यांच्याबरोबर बांधावर गेला, मी आणि आत्या अलीकडे उभ्या होतो.  गोकुळने तुरीकडे पाहिलं, माजलेल्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुंडलिकराव, औंदा राहू द्या."

"आन् पुढल्या साली?"

गोकुळने आईकडे बघितलं.  पुंडलिकराव हसले, टेप गुंडाळला आणि म्हणाले, "मी हायेच हितं." गाडी निघून गेली.

गोकुळ घरी गेल्यावर आत्या मला पट्टीत घेऊन गेल्या. केना आता पिवळा पडत होता, माठाला बी धरलं होतं. त्या तणात वाकून त्यांनी मला काहीतरी दाखवलं. वैशाखात तोडलेल्या एका बोरीच्या खुंटाला बाजूने फुटवा आला होता, वीतभर, काटे अजून मऊ.

"सुकेशनी म्हनली, ह्या पट्टीला पुन्हा तसं व्हायला लई वरसं लागतील. तवर कुणी हात लावायचा नाय."

"मग नका लावू."

"माझ्यानं नाय व्हायचं. तू बघितलं ना. एक दिवस माझा हात जाईलच." त्या सरळ उभ्या राहिल्या. "गोकुळला सांगून उपेग नाय, त्याचं मन गाड्यांकडं हाय. म्हणून ही पट्टी आजपासून तुझी."

"माझी? आत्या, मला शेतातलं काही कळत नाही. मला आवडतही नाही."

"म्हणून तर. तू हिच्यात काय करायला जाणार नायस. हिला तेच पायजे."

मी हसले. मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या.

"ही बोर माझ्या डोक्यावर गेलेली मी काय बघत नाय आता," त्या म्हणाल्या. "तू बघशील. तवर तुला हितंच राहावं लागंल, पोरी. पट्टी राहिली तर रान राहील. राहशील का?"

तलावाकडचा तो फ्लॅट मी मनात किती वेळा सजवला होता. खिडकीला कुठले पडदे लावायचे तेही ठरलं होतं. मी त्या वीतभर बोरीकडे बघत राहिले.  आत्यांचे हात पुन्हा पदराशी चाळा करायला लागले.

"राहीन," मी म्हणाले.